बी-टू काका

बी-टू काका पहिल्या मजल्यावर राहतात, तरी जिना वापरत नाहीत. गुडघ्यांचं निमित्त सांगतात, पण गुडघे ठणठणीत आहेत. लिफ्टमध्ये माणसं सापडतात, हे खरं कारण. आमची लिफ्ट जुनी. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत रमतगमत जाते, आणि तेवढ्या वेळात समोरच्याच्या भाषेचा पंचनामा पुरा होतो असा काकांचा दावा आहे. म्हणून ते स्वतःच्या मजल्यावर उतरत नाहीत. सावजाबरोबर वरपर्यंत जातात, त्याला त्याच्या दारात सोडतात आणि मग एकटेच खाली येतात, ओठ हलवत. ते ओठ हलवणं म्हणजे गुण देणं.

तिसऱ्या मजल्यावरच्या तेलुगू सॉफ्टवेअरवाल्याला त्यांनी एकदा असंच दारापर्यंत पोचवलं. तो बिचारा "गुड मॉर्निंग अंकल" एवढंच म्हणाला होता. "दहा वर्षं होत आली हिंजवडीत," काका मला नंतर म्हणाले, "आणि मराठी ए-वनसुद्धा नाही. पुढे चला, सुट्टे द्या आणि दरवाजात उभे राहू नका. तीन वाक्यं, तीही पीएमपीच्या कंडक्टरची." मग जरा थांबून, इन्स्पेक्शनच्या अहवालात शेवटी एक बरं वाक्य लिहावं लागतं तसं, "उच्चार मात्र स्वच्छ."

ही ए-वन, बी-टूची भानगड काकांनी शोधलेली नाही. युरोप परिषदेनं 2001 साली भाषा येण्याच्या सहा पायऱ्या जाहीर केल्या: ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. ए-वनला माणूस आपलं नाव-गाव सांगू शकतो, सी-टूला तो त्या भाषेत बारीक चिमटे काढू शकतो. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश शिकणाऱ्यांना एका मापानं मोजता यावं म्हणून केलेली ही सोय. काकांनी ती शिडी पुण्यात आणली आणि आमच्या सोसायटीच्या भिंतीला टेकवून ठेवली. स्वतः ते जर्मनच्या बी-टूवर बऱ्याच वर्षांपासून उभे आहेत. म्हणून नाव बी-टू काका. त्यांना ते माहीत आहे. "सी-वन झालो की बदलावं लागेल हं," असं ते अभिमानानं सांगतात.

काका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं ते इन्स्पेक्शनलाच होते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या वह्यांमध्ये लाल शाईनं खुणा करत गावोगाव हिंडत होते. निवृत्तीनंतर लाल पेन उरलं आणि वह्या संपल्या. मुलगा श्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला, मोटारींच्या धंद्यात. चाकणहून निघालेले पुष्कळ पुणेरी इंजिनियर त्याच पट्ट्यात जाऊन पोचतात. नातू तिथंच जन्मला. नातवाशी त्याच्या भाषेत बोलता यावं एवढ्या सात्त्विक हेतूनं काकांनी जर्मनच्या वर्गात नाव घातलं. पण वर्गात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की भाषा शिकणं ही गोष्ट तपासण्याजोगी आहे. मग त्यांनी वही घातली.

वही लांबडी, जाड पुठ्ठ्याची, खतावणीची. रकाने आखलेले: मातृभाषा, शिकायला लागल्याचं वय, कारण, ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे, उच्चार, शेरा. मी ती पाहिली आहे. जौनपूरचा इस्त्रीवाला: बोलणे बी-वन, लिहिणे शून्य, शेरा "कपडे मराठीत मोजतो, भांडतो स्वतःच्या भाषेत". कोपऱ्यावरचे मारवाडी वाणी: सगळ्या रकान्यांत सी-टू, पण पुढे लाल शाईत, "तीन पिढ्या इथंच. नवशिक्यांत धरणे अन्यायाचे". सोसायटीचे सेक्रेटरी सदाशिव पेठेत जन्मलेले, आडनावापासून चष्म्यापर्यंत अस्सल. त्यांच्या लिहिण्याला काकांनी बी-वन दिलं होतं. पुरावा म्हणून पार्किंगची एक नोटीस चिकटवली होती, तीत पाच ठिकाणी लाल गोल. इमारतीतल्या इंग्रजी माध्यमातल्या पोरांसाठी एक सामुदायिक नोंद: "ऐकणे सी-वन, बोलणे बी-वन, वाचणे ए-टू. आजीशी मराठी, आईशी इंग्रजी, एकमेकांशी हिंदी." ही शेवटची नोंद लक्षात ठेवा, ती पुढे काकांवर उलटते.

आता काकांचा वर्ग. जर्मनच्या वर्गात हल्ली पुण्यात चार जातीची माणसं भेटतात, आणि काकांच्या मते या चौघांना एकाच बाकावर बसवणं हा गणिताचा गुन्हा आहे. पहिली जात स्कोअरिंगवाल्यांची. यांनी शाळेत जर्मन घेतलं ते मार्क मिळतात म्हणून. दहावीत शंभरात अठ्ठ्याण्णव आणि जर्मनीत उतरवलं तर पाणी मागायची पंचाईत. दुसरी जात इंजिनियरांची. यांना जर्मन येत नाही आणि यायची गरजही वाटत नाही, कारण मीटिंग इंग्रजीत असते. पण कंपनी फी भरते. तिसरी जात आमच्या काकांची, म्हणजे आजी-आजोबा पार्टी. पुढच्या बाकावर बसणारी, गृहपाठ करणारी, डब्यात लाडू आणणारी. आणि चौथी नर्सची.

कोट्टायमहून पुण्यात नोकरीला आलेली एक नर्स काकांच्या बॅचला होती. घरी मल्याळम, कॉलेजात इंग्रजी, वॉर्डबॉयशी हिंदी, पेशंटच्या आजीशी मराठी. आता जर्मन. तिच्या आयुष्यातली प्रत्येक भाषा ड्यूटीवर लागली तेव्हा शिकलेली. परदेशी नर्सला जर्मनीत पूर्ण नर्स म्हणून उभं राहायला साधारण बी-टूचा दाखला लागतो, त्यामुळे तिला बी-टू ही पायरी दिसत नव्हती, विमान दिसत होतं. नाइट शिफ्ट करून सकाळी वर्गाला यायची, मागे बसून पेंगायची आणि बाईंनी प्रश्न विचारला की डोळे न उघडता उत्तर द्यायची. उत्तरात लिंग चुकलेलं, विभक्ती चुकलेली, प्रत्यय तर घातलेलाच नाही. पण बाईंना कळायचं. बाई पुढच्या प्रश्नाकडे जायच्या. काका मात्र तिच्या वाक्यातल्या चुका मोजत तिथंच बसायचे आणि त्यांच्यावर पाळी आली की विचारायचे, "कुठला प्रश्न चाललाय?"

व्याकरणात काकांचा हात धरणारा नाही, हे शत्रूही मान्य करतील. वर्गाच्या बाईंना विशेषणाच्या प्रत्ययाची शंका आली तर त्या काकांकडे बघतात. मराठी माणसाला जर्मन सोपं पडायला हवं, असा त्यांचा सिद्धान्त आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रज रडतो. आपल्याला तीन लिंगं पाळण्यातच मिळतात. जर्मनच्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. इंग्रजाला ते तिथवर तोंडात धरून ठेवता येत नाही, मराठी माणूस तर ते जन्मापासून धरूनच बसलेला असतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था आपल्या वकिलातीतल्या लोकांना जर्मन शिकवायला साधारण 36 आठवडे धरते आणि हिंदी शिकवायला 44, हेही काकांना पाठ आहे. "म्हणजे आपल्याकडच्या भाषा आठ आठवड्यांनी अवघड," ते म्हणतात. "आपण मराठीचा डोंगर चढून बसलेले. जर्मन म्हणजे उतार!"

या उतारावर काका उभे का आहेत, हा प्रश्न फक्त काकू विचारतात.

खरं सांगायचं तर काका बोलत नाहीत. वाचतात, लिहितात, तपासतात, पण बोलत नाहीत. कुणी जर्मनमध्ये "कसे आहात?" विचारलं तर त्यांच्या डोक्यात आधी उत्तराचा मसुदा तयार होतो, मग तो वरिष्ठांकडे मंजुरीला जातो, तिथून लिंगाबद्दल शेरा मारून परत येतो, आणि दुरुस्त प्रत बाहेर पडेपर्यंत विचारणारा घरी जाऊन जेवत असतो. स्टीफन क्रॅशन नावाच्या अमेरिकन भाषातज्ज्ञानं 1980 च्या सुमारास अशा लोकांचं वर्णन करून ठेवलं आहे. त्याच्या मते भाषा अंगी मुरणं वेगळं आणि भाषा शिकणं वेगळं. शिकलेलं व्याकरण मनात पहारेकऱ्याचं काम करतं, आणि काही माणसं त्या पहारेकऱ्याला विचारल्याशिवाय तोंडच उघडत नाहीत. मी हे पुस्तकातलं पान मुद्दाम काकांना वाचायला दिलं. त्यांनी ते लक्षपूर्वक वाचलं, दोन ठिकाणी छपाईच्या चुका दाखवल्या आणि म्हणाले, "अगदी बरोबर आहे. आमच्या वर्गात ते एलआयसीवाले आहेत ना, हुबेहूब!"

वयाचा मुद्दा निघाला की काका फाइल काढतात. फाइलमध्ये दोन कप्पे आहेत. एकात निराश करणारं संशोधन, दुसऱ्यात आशा देणारं, आणि ज्या दिवशी वर्गात जे घडलं असेल त्याप्रमाणे त्या त्या कप्प्यातलं बाहेर येतं. निराशेच्या कप्प्यात जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांचा 1989 चा निबंध आहे. चिनी आणि कोरियन मातृभाषेच्या 46 माणसांना त्यांनी इंग्रजी वाक्यं ऐकवून बरोबर की चूक ते विचारलं. सातव्या वर्षाच्या आत अमेरिकेत आलेले तिथल्या लोकांइतकेच तयार निघाले; पुढे जितकं उशिरा येणं, तितकं घसरणं. त्याच कप्प्यात 2018 ची एक बातमी. जवळपास पावणेसात लाख लोकांची इंटरनेटवर परीक्षा घेऊन हार्टशॉर्न, टेनेनबाम आणि पिंकर यांनी काढलेला निष्कर्ष असा, की व्याकरण पटकन पकडण्याची ताकद साधारण 17.4 वर्षांपर्यंत टिकते. हा 'पॉइंट चार' काकांच्या काळजात रुतून बसला आहे. "साडेसतराला मी काय करत होतो, ठाऊक आहे? लॉगॅरिदमची कोष्टकं पाठ करत होतो," ते उसासा टाकतात. "नेमके ते महिने!"

दुसऱ्या कप्प्यात मात्र हॉलंड आहे. कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागेल-ह्योले या दोघींनी 1978 मध्ये हॉलंडला राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांना डच शिकताना तपासलं. गंमत अशी की सुरुवातीच्या महिन्यांत बारा ते पंधरा वर्षांची मुलं आणि प्रौढ माणसं भराभर पुढे गेली. सगळ्यात मागे राहिली ती तीन ते पाच वर्षांची चिमुरडी, ज्यांना भाषा म्हणे हवेतून येते. हा निबंध काकांनी लॅमिनेट करून घेतला आहे. त्याच कप्प्यात फादर स्टीफन्स. 1579 मध्ये तिशीच्या आसपासचा हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि 1616 साली त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठी ओव्यांमध्ये. "तिशीनंतर भाषा येत नाही म्हणतात! त्याच्या ओव्या दाखवा त्या पिंकरला!" काका गरजतात. मधली सदतीस वर्षं स्टीफन्स साष्टीच्या लोकांत राहिला, त्यांची पापं ऐकत बसला, त्यांच्याशीच बोलला, हे ते सांगत नाहीत. पापं ऐकायला ऐकणे निदान सी-वन पाहिजे, एवढं मी सुचवून पाहिलं. जोसेफ कॉनरॅडही त्याच कप्प्यात आहे. विशीनंतर इंग्रजी शिकला, मोठा कादंबरीकार झाला आणि उच्चार शेवटपर्यंत पोलिशच राहिले. काकांनी त्याला बोलण्यात बी-टू दिलं आहे.

या फाइलमुळे काकांना एक धक्काही बसला, तो सांगायलाच हवा. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड हे गाव जगातल्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये त्यावर निबंध लिहिला. तिथं मराठी, कानडी, उर्दू या भाषा पिढ्यानपिढ्या शेजारी शेजारी नांदल्या, थोडी तेलुगूही. घरात आपापली भाषा आणि दाराबाहेर दुसऱ्याची, असं रोजचं येणंजाणं. त्यातून शब्द वेगळेच राहिले, पण वाक्यांचे सांगाडे इतके एकसारखे झाले की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावं. कुणी वर्ग लावला नाही, कुणी दाखला दिला नाही. आता काकांचं असं की त्यांनी नोकरीची तीन वर्षं कुपवाडच्या शाखेत काढली होती. काउंटरच्या पलीकडे कानडी घरातला जैन शेतकरी, त्याच्यामागे उर्दू घरातला मुसलमान, दोघंही काकांशी मराठीत बोलत आणि आपसांत काकांना न कळणारं काहीतरी. "जगातली सगळी विद्यापीठं ज्या गावाकडे बघत होती, तिथं मी बसलो होतो," काका खिन्नपणे म्हणाले, "आणि मला फक्त पीककर्ज दिसलं." कानडी किती आलं, असं मी विचारलं. "शिका, शिका म्हणायचे रे ते. पण परीक्षा कुठे होती?"

तर असे हे काका एका उन्हाळ्यात काकूंना घेऊन ब्योब्लिंगेनला गेले. नव्वद दिवसांचा व्हिसा. नव्वद दिवसांत आपण सी-वनला हात लावून येणार, असं त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत आगाऊ जाहीर केलं होतं, विषयपत्रिकेत नसताना.

पहिल्याच सकाळी ते पाव आणायला बेकरीत गेले. ही हकीकत काकूंची, त्यामुळे विश्वासार्ह. रांगेत चार माणसं पुढे होती, त्या अवधीत काकांनी वाक्य रचलं. नम्र विध्यर्थ, चारचा आकडा, काळसर पिठाचे, त्या विशेषणाला अनेकवचनी प्रत्यय, शेवटी कृपया. काकू सांगतात, वाक्य इतकं शुद्ध होतं की ते म्हणताना ह्यांचा चेहरा संध्या करताना होतो तसा झाला होता. बेकरीवाल्या बाईनं ते वाक्य संपूर्ण ऐकून घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "फोर? एनीथिंग एल्स?"

काका हबकले. पुन्हा जर्मनमध्ये बोलले. बाई पुन्हा इंग्रजीत, आणि वर एक गोड हसू. तिसऱ्यांदा त्यांनी जर्मनचा हेका धरला, तेव्हा बाई जर्मनमध्ये शिरली खरी, पण ते निघालं श्वाबेन प्रांताचं, शब्दांच्या शेपट्या गिळलेलं, जे कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसतं. यातलं अक्षर कळेना. मागची रांग खाकरली. शेवटी काकांनीच इंग्रजीत पैसे विचारले. "हा अपमान आहे," परत आल्यावर ते महिनाभर सांगत होते. "मी तिच्या भाषेत बोलायला गेलो, तर ती मला बोलूच देत नाही! चूक झाली असती तर सांग ना. पण उगाच दया दाखवून इंग्रजीत घुसायचं? शिकणाऱ्यानं शिकायचं कसं मग? जगात कुठलीही भाषा अशानं येईल का?"

काकूंचं तिथं वेगळंच चाललं होतं. नातवाला खेळायला नेण्याच्या बागेत त्यांना एक तुर्की आजी भेटली. ती चाळीस वर्षं जर्मनीत राहिलेली, काकू चाळीस शब्दांच्या मालकीण. बाईला इंग्रजी येत नव्हतं, काकूंना तुर्की येत नव्हतं, तेव्हा पळवाटच उरली नाही. काकूंच्या जर्मनमध्ये क्रियापदं नव्हती. त्या जागी हात होते. नव्वद दिवसांत त्या दोघींनी एकमेकींच्या सुना, गुडघेदुखी, भरली वांगी आणि सोन्याचा भाव हे सगळे विषय उरकले. निघताना तुर्की आजीनं मिठी मारली आणि काहीतरी लांबलचक बोलली. काकूंनीही लांबलचक उत्तर दिलं. काकांनी तिथं उभं राहून ऐकलं आणि घरी येऊन वहीत लिहिलं: "बोलणे ठरवता येत नाही. व्याकरण नाही. तरी थांबत नाही." आयुष्यात प्रथमच त्यांनी एक रकाना पेन्सिलीनं भरला होता.

आणि नातू? तो पाच वर्षांचा. आजोबांनी "हा चेंडू" म्हणताना पाचपैकी एकदा लिंग चुकवलं की तो खदखदून हसायचा. काकांना विभक्तीचं सगळं कोष्टक पाठ, त्याला कोष्टक म्हणजे काय तेही माहीत नाही, आणि चुकायचे काका. त्या संध्याकाळी लॅमिनेट केलेलं हॉलंड कपाटात गेलं.

पुढच्या वर्षी नातू पुण्याला आला. श्टुटगार्टकडच्या शाळांची मोठी सुट्टी जुलैअखेर सुरू होते, त्यामुळे तो थेट गणपतीच्या तयारीत येऊन पडला. काकांनी त्याच्यासाठी मराठीचा कार्यक्रम आखला होता: सकाळी अक्षरं, दुपारी गोष्ट, रात्री रामरक्षा. नातू दोन दिवस बसला आणि तिसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पळाला, तो जेवायलाच वर येऊ लागला. "उत्तम!" काका मला म्हणाले. "हेच क्रॅशनला हवं होतं. आता बघ, मुलांत राहून मराठी कशी मुरते ते." तीन आठवड्यांनी मुरलेली भाषा बाहेर आली. जेवताना काकूंनी वरण वाढलं, तर नातू ताट मागे ओढत खणखणीत आवाजात म्हणाला, "नहीं चाहिए यार, पहले मेरी बारी है!"

सोसायटीतली सगळी पोरं कुलकर्णी, जाधव, गोखले आणि शिंदे यांची. खेळतात हिंदीत. हे वहीत काकांनीच लिहून ठेवलं होतं. नातवाच्या पानावर त्यांना एक नवीन भाषा घालावी लागली आणि तो परत गेल्यावर महिन्याभरात फोनवर तीही गेली, तेव्हा एक नवीन रकानाही आखावा लागला: विसरण्याचा वेग. तो रकाना संशोधनाला अमूल्य ठरेल असं त्यांचं मत आहे. काकू म्हणाल्या, त्यात कुपवाडपासून सुरुवात करा.

आता वॉचमन. याला सगळी सोसायटी बहादूर म्हणते. ते त्याचं नाव नाही. नेपाळच्या पार पश्चिमेकडच्या अछामचा. घरची बोली अछामी, शाळेत नेपाळी, पुण्यात येता येता हिंदी आणि पुण्यात आल्यावर मराठी. मराठी त्यानं धुणंभांड्याच्या मावशींकडून आणि गणपती मंडळाच्या पोरांकडून घेतली, त्यामुळे तिच्यात मावशींचा 'अवं' आणि मंडळाचा 'नाद' दोन्ही आहेत. त्याची केबिन काकांच्या बाल्कनीच्या बरोबर खाली. त्याच्याशी काकांचा रोज सकाळी जो संवाद होतो, तो मी दूध आणायला जाताना ऐकत आलो आहे.

"क्यूं रे, टाकी भरके गळ रही है क्या?" काका वरून.

"नाही काका, आत्ताच मोटर बंद केलीये," वॉचमन खालून.

"और वो कचरेवाला अभी तक कैसे नहीं आया? उसको बोलो, ओला-सुका वेगळा करके लेके जाना."

"आला होता की, काका. तुमचा डबा बाहेर नव्हता."

"बराबर, बराबर. कल हम ठेवेंगा."

असं रोज, वर्षानुवर्षं. तो मराठीत, हे त्यांच्या समजुतीच्या हिंदीत. एकदा मी विचारलं, "काका, तो मराठी बोलतो, मग तुम्ही हिंदीत का जाता?" काकांना प्रश्नच कळला नाही. "अरे, त्याला सोपं पडावं म्हणून. परका माणूस, कशाला त्रास द्या?" मग अभिमानानं त्यांनी मला त्याचं पान उघडून दाखवलं. मातृभाषा: नेपाळी (चूक, पण काकांनी त्याला कधी विचारलेलं नाही). मराठी ऐकणे: बी-टू. बोलणे: बी-वन. शेरा: "सरावाची गरज".

बेकरीवाल्या बाईची आठवण मी काढली नाही. काही माणसांना आरसा दाखवला तर ती आरशाच्या चौकटीतला वाकडेपणा मोजतात.

यंदा काका बी-टूच्या परीक्षेला बसले. चार भाग, वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात शंभरपैकी साठ हवेत. तयारी जोरात होती. रोज पहाटे पाचला बाल्कनीचं दार उघडं टाकून श्रवणाच्या ध्वनिफिती लावायचे, मोठ्या आवाजात, कारण ऐकणं कमी झालंय हे त्यांना मान्य नाही. सोसायटीत तक्रार गेली. सेक्रेटरींनी नोटीस काढली. काकांनी तिच्यातल्या चार चुका लाल करून परत पाठवली, फिती चालूच.

संभाषणाची परीक्षा जोडीनं असते. एकानं छोटं भाषण करायचं, दुसऱ्यानं प्रश्न विचारायचे, मग दोघांनी वाद घालायचा. काकांच्या वाट्याला जोडीदार म्हणून आली तीच, कोट्टायमची. विषय होता, मोठ्या वयात नवीन काही शिकावं का. काकांच्या हातात आयुष्यभराचं साहित्य होतं: हॉलंड, स्टीफन्स, कॉनरॅड, पावणेसात लाख माणसं. पहिलंच वाक्य मंजुरीला गेलं. परीक्षक वाट बघत राहिले. नर्सनं घड्याळाकडे पाहिलं. पेशंट बोलू शकत नसला की नातेवाइकांशी आपणच बोलायचं असतं, ही तिची सवय. तिनं काकांचं म्हणणं अंदाजानं मांडलं, मग त्याला स्वतःच विरोध केला, मग काकांच्या वतीनं त्या विरोधाला उत्तर दिलं. काका माना डोलवत होते आणि मनात तिच्या चुका मोजत होते.

निकाल लागला. काका: वाचन 97, लेखन 93, श्रवण 66, संभाषण 41. नर्स: चारही भागांत साठीच्या जरा वर, आणि महिन्याभरात ती गेलीसुद्धा. काकांना फक्त संभाषण पुन्हा द्यायचं आहे. हरकत नाही, ते म्हणाले, सराव वाढवू. म्हणजे फिती आता साडेचारला.

परवा पहाटे मी स्टेशनला जायला खाली उतरलो. वरून फीत चालू होती, खाली वॉचमन खुर्ची आवरत होता. फितीतला बाप्या बोलायच्या आधीच हा स्वतःशी गुणगुणल्यासारखा म्हणाला, "झी ह्योरन येडन टेक्स्ट त्स्वायमाल," आणि लगेच वरून फितीनं तेच म्हटलं. सूर तोच, ठेका तोच, तो 'त्स्वाय' तर असा की पुढच्या बाकावरच्या सगळ्या आजी-आजोबांनी मिळून काढला नसता. बाल्कनीत हालचाल झाली. फीत थांबली. कठड्यावरून काकांचं डोकं आलं, पाठोपाठ वही आणि लाल पेन.

"फिरसे बोलो!"

तो फिरसे बोलला.

"उच्चार सी-वन," काका लिहिता लिहिता पुटपुटले. मग वाकून, परीक्षकाच्या आवाजात, "लेकिन मतलब समझा क्या? पाठ करनेसे नहीं होता. अर्थ बताओ, अर्थ!"

"अर्थ नाय माहीत, काका," वॉचमन म्हणाला. "पण बहुतेक 'दोनदा ऐकवतो' म्हणत असेल. कारण एवढं बोलला की तो माणूस तीच गोष्ट दोनदा सांगतो. आणि तुम्हाला दोन्ही वेळा कळत नाही, मग तुम्ही परत लावता."